शेवटची चाळीस पानं

वर्षातून दोनदा पुस्तकांची होडी यायची.
बर्फ फुटल्यावर एकदा,
बर्फ धरायच्या आधी एकदा.
माणशी सहा पुस्तकं, त्याहून एक जास्त नाही,
आणि हिवाळा सात महिन्यांचा.

सीग्ने बाईंना समुद्र लागायचा.
गालात आल्याचा तुकडा धरून
त्या शिक्के मारायच्या.
तुला काय आवडतं, असं त्यांनी कधी विचारलं नाही.
बुटांचंही तसंच होतं आमच्या बेटावर,
थोरलीचे उरतील ते आपले.

मधमाश्या पाळायचं पुस्तक असंच आलं.
आमच्याकडे खडक, वारा, चार खुरटी झुडपं.
मधमाशी मी पाहिली ती चित्रातच.
पण त्यात लिहिलं होतं,
राणी मेली की पोळं वेगळ्या सुरात घुमतं.
त्या फेब्रुवारीत आईला बर्फावरून
घसरगाडीत घालून तुर्कूला नेलं,
आणि घर त्या सुरात घुमायला लागलं.
अजूनही नवं पुस्तक हाती आलं
की मी आधी कान लावते.

स्वयंपाकाचं एक होतं, दक्षिणेकडचं.
त्यातलं वांगं मला भेटलं एकावन्नाव्या वर्षी,
शहरातल्या बाजारात. घरी आणलं,
शिजवलं नाही.
टेबलावर ठेवून आठवडाभर वाचलं.

पाद्रीबुवांनी दिलेलं जाडजूड नीतीचं पुस्तकही मोजायला हवं.
कंटाळा म्हणजे काय ते त्यानं नीट शिकवलं.
दाराला टेकण म्हणून मात्र उत्तम.

आणि ती कादंबरी.
कुठल्यातरी बेटावर कुणीतरी
तिच्या शेवटच्या चाळीस पानांनी चूल पेटवली होती.
बाई धक्क्यावर उभी, हातात पत्र, न फोडलेलं,
बोट सुटायला आलेली,
खलाशी विचारतो, येताय ना?
ती म्हणाली, मी

बस्स. पुढे पुठ्ठा.

तो हिवाळा बाबा जाळी विणत होते
आणि मी तिचे शेवट.
सोमवारी ती बोटीत चढली,
मंगळवारी पत्र फाडलं,
बुधवारी बुडाली, गुरुवारी मी तिला परत वर काढली.
बाबांनी आयुष्यात पुस्तक उघडलं नव्हतं.
हेरिंग साफ करता करता विचारायचे,
आज काय केलंस तिचं?
आमच्यात एवढं बोलणं
त्याआधी झालं नाही, नंतरही नाही.

एकदाच त्यांनी स्वतःहून सांगितलं.
सुरी पाण्यात बुचकळली, म्हणाले,
दमली असेल गं. जरा बसू दे तिला.
मी हसले. बारा वर्षांची होते.
असा कुठे शेवट असतो, बाबा?

परवाच्या शरदात होडीवरच्या योआकिमनं
कुठल्याशा गोदामातून अख्खी प्रत शोधून काढली.
आजी, तुमची चाळीस पानं, म्हणाला,
गाल लाल, जणू त्यानंच लिहिली.

डिसेंबरभर ती ब्रेडच्या डब्याखाली होती.
मग एका रात्री, वीज गेलेली, मेणबत्तीपाशी,
धक्का, पत्र, खलाशी, येताय ना?
ती म्हणाली, मी
पान उलटलं.
जरा बसते.

बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.
पुस्तक मिटलं. बोट ठेवायलाही विसरले खुणेला.
कंदील घेऊन जाळ्यांच्या खोपटात गेले.
त्यांच्या बाकावर अजून खवल्यांची चमक,
खिळ्याला लाकडी सुई, तिच्यात ओवलेला दोरा तसाच.
इतकी थंडी की श्वास कानाला ऐकू येत होता.

बर्फ फुटल्यावर मुलानं विचारलं,
मग? शेवट काय झाला?
बसली आहे, म्हटलं.
पुढचं मी वाचलं नाही.
शिक्का मार, आणि यावेळी
मधमाश्यांचं काही असेल तर बघ.